तात्यांचं गाऱ्हाणं आणि माझी शिट्टी

काशीरामतात्यांना साखर आहे, हे आमच्या अख्ख्या वाडीत सगळ्यात शेवटी मला कळलं. सगळ्यांच्या जिवाची आणि तब्येतीची जबाबदारी माझ्याकडे होती, तेव्हा असंच व्हायचं होतं. दूध घालणारीला माहीत होतं, गुरवाला माहीत होतं. आमच्या तंबूंवर स्वयंपाक करणारी कनीजभाभी तर त्यांचा चहा वेगळ्या पातेल्यात, बिनसाखरेचा करायची. ते वेगळं पातेलं मी रोज बघत होतो आणि म्हाताऱ्याचे नखरे म्हणून सोडून देत होतो.

माझी ओळख करून द्यायला हवी. मी संदेश. उमेदीची सगळी वर्षं मी एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून काढली. कुठे काय बिघडू शकतं, कोण कसा भाजू शकतो, कुणाचं बोट कशात जाऊ शकतं, हे लोकांना सतत सांगत राहणं हेच माझं काम. मी कॅन्टीनमध्ये शिरलो की लोक उरलेला चहा एका घोटात संपवून उठायचे. पुढे स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी आलो आणि रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या किनाऱ्यावर, वरच्या अंगाला आमचा जो सडा आहे, नुसता उघडा कातळ, त्यावर तंबू टाकले. दिवाळीनंतर हवा छान असते, समोर समुद्र दिसतो, शहरातली माणसं एक रात्र उघड्यावर काढायला हौसेने येतात. आमची ही, समीक्षा, तेव्हाच म्हणाली होती, "लोक मजा करायला येणार आणि तुम्ही त्यांना मरण कुठून कुठून येतं ते सांगत बसणार. कसं व्हायचं?"

मी काय केलं असेल? सड्यावर पहिली वस्तू उभी केली ती 'बाहेर पडण्याचा मार्ग' अशी बाणासकट पाटी. चारही बाजूंनी मोकळा कातळ. भिंत नाही, दार नाही, कुंपण नाही. वाटेल त्या दिशेला चालू लागलं तर माणूस बाहेरच पडणार. तरी पाटी. मग एकुलत्या एका जांभळीखाली दुसरी पाटी, 'एकत्र जमण्याची जागा'. शिट्टीचे नियम ठरवले. आखूड शिट्ट्या वाजल्या की सगळ्यांनी हातातलं टाकून जांभळीखाली जायचं आणि लांब शिट्टी वाजेपर्यंत तिथून हलायचं नाही. गळ्यात शिट्टी, हातात भोंगा आणि पाठीवर प्रथमोपचाराची अशी थैली, की तीत एखादं छोटं ऑपरेशन आटोपलं असतं.

पाहुणे आले की त्यांना उभं करून मी सूचना द्यायचो. विचारल्याशिवाय समुद्रात उतरू नका, आमच्या पाण्याला ओढ आहे. बूट घालण्याआधी झटका, कातळात विंचू असतात. तंबूत चूल, शेगडी, मेणबत्ती काही नेऊ नका. पाणी आम्ही उकळून ठेवलेलंच प्या. कड्याच्या टोकावर पाठमोरं उभं राहून फोटो काढू नका. कुणाला औषधं चालू असतील तर आधी सांगा. मी मन लावून सांगायचो आणि लोक मन लावून मोबाइल बघायचे. एकाने तर सगळं संपल्यावर हात वर केला. मला वाटलं शंका आहे. म्हणाला, "काका, चार्जिंगची सोय कुठे आहे?"

आता तात्यांविषयी. काशीरामतात्या म्हणजे आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान ज्या घराकडे आहे त्या घरातले शेवटचे. लग्न असो, विहीर खणायची असो, मुंबईला नोकरीवर निघालेला पोरगा असो, आधी गाऱ्हाणं. देवापुढे सगळ्यांच्या वतीने उभं राहून एकाने मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. आमच्या सड्याच्या टोकाला राखणदाराचा शेंदूर लावलेला दगड आहे. सातबाऱ्यावर नाव कुणाचंही असो, आमच्याकडे जागेचा खरा मालक तो. त्याला न सांगता तिथे रात्र काढायची छाती कुणाची होत नाही, आणि सेफ्टी ऑफिसरची तर मुळीच नाही. म्हणून पहिल्याच मुक्कामाला मी तात्यांना बोलावलं.

तात्या आले ते हाफ पँट, बनियन आणि खांद्यावर टॉवेल अशा थाटात. अंगाने काटकुळे. बघून कुणी ओळखलं नसतं. दगडापुढे नारळ आणि गूळखोबरं ठेवलं, टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि तोंड उघडलं. त्या शरीरात तो आवाज कुठे मावत होता कोण जाणे. ज्या लोकांनी माझ्या भोंग्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ते मोबाइल खिशात घालून उभे राहिले आणि 'व्हय म्हाराजा' असं बेंबीच्या देठापासून ओरडू लागले. मी मागे शिट्टी घेऊन उभा होतो. मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पडवीत जाऊन बसलो.

"तात्या, गाऱ्हाण्यात वायच समुद्राचं घाला ना."

"समुद्राचा काय?"

"विचारल्याशिवाय कुणी पाण्यात उतरू नये म्हणून."

"तां तू सांग. तुजा भोंगा हाय ना?"

"माझं कोण ऐकतं, तात्या?"

"तां मातर खरा हाय," ते लगेच म्हणाले. इतक्या लगेच म्हणायला नको होतं.

पण घातलं. आणि काय घातलं!

"बा राखनदारा म्हाराजा! ही तुजी लेकरां लांबसून आली हाईत, आज तुज्या कातळावर निजनार हाईत."

"व्हय म्हाराजा!"

"दर्याचा मोह पडंल, तर पाय भिजवायच्या आदी संदेशला इचारायची बुदी दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बूट घालायच्या आदी झटकायची याद दे. तंबूत जाळ नेईल त्याचा काडेपेटीचा गूल ओला कर."

"व्हय म्हाराजा!"

"आनि कड्यावर मागं मागं सरकत कुनी फोटू काडंल, तर त्याचा मोबाइल थंयच बंद पाड!"

या वाक्याला थोडी चलबिचल झाली, पण 'व्हय म्हाराजा' आलंच. तात्यांना ते कमी वाटलं. "आवाज नाय आला," ते म्हणाले आणि पुन्हा म्हणायला लावलं. हा त्यांचा शिरस्ता होता. कुणाचा आवाज बारीक आला की गाऱ्हाणं पुढे सरकायचं नाही. सगळे म्हणेपर्यंत दगडावर हात ठेवून वाट बघणार. मोठमोठ्या पगाराची माणसं शाळेतल्या पोरांसारखी पुन्हा म्हणायची.

शेवटची एक ओळ मी हट्टाने घालायला लावली. "कुनाचा काय दुकत खुपत असंल, गोळ्या-औषदां चालू असतील, तर लपवून न ठेवता बोलायची बुदी दे." तात्या त्या ओळीला तयार नव्हते. देवाला दवाखान्यातलं कशाला सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. मला तेव्हा स्वतःच्या बुद्धीचं फार कौतुक वाटलं होतं.

परिणाम मात्र असा झाला की मीच थक्क. माणसं बूट झटकू लागली. एक धिप्पाड गृहस्थ पहाटे तंबूपाशी येऊन मला हाका मारू लागले, "काका, पाण्यात उतरू का? काल शब्द दिलाय." गाऱ्हाणं संपलं की एकेक जण हळूच बाजूला घेऊन सांगायचा, मला दमा आहे, मला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे, माझं बीपी वर असतं. ज्या माहितीसाठी मी कारखान्यात वर्षानुवर्षं घसा कोरडा केला होता ती आपल्या पायाने चालत येऊ लागली. मी सगळ्यांना सांगू लागलो की ही पद्धत मी बसवली. तात्या गाऱ्हाणं झाल्यावर पाहुण्यांत फिरून "कसा झाला?" असं विचारत असायचे. दोघांनाही कौतुकाची भूक होती, फरक एवढाच की त्यांना ते मिळत होतं.

पण तात्यांच्या मागे एक घोर होता. बायको गेल्यापासून ते एकटे. एकुलती मुलगी राजश्री डोंबिवलीला. तिने त्यांच्यासाठी खोली तयार ठेवलेली, पंखा, टीव्ही, सगळं. आणि हे जायचं नाव काढत नव्हते.

"डोंबिवलीत राखनदार कोन? वाचमन!" ते म्हणायचे. "त्याच्याम्होरं गाऱ्हानं घालू काय?"

राजश्री ये म्हणते आणि हे नाही म्हणतात, एवढंच मला माहीत होतं. आत काय चाललंय ते पुढे कळलं, पण तुम्हाला आधीच सांगतो. गणपतीत राजश्री आली असताना तात्या घरापुढच्या खळ्यात चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी साखर सांगितली, गोळ्या सुरू केल्या. राजश्री निघताना बजावून गेली, "बाबा, आता परत एकदा चक्कर आली असं कळलं, की मी गाडी घेऊन येणार नि तुला उचलून नेणार." तात्यांनी यावर खूप विचार केला आणि ठरवलं, की चक्कर आली तरी कळवायची नाही. बाकी सगळं मात्र डॉक्टर म्हणतील तसं. साखर बंद म्हणजे बंद, चहातसुद्धा नाही. गोळी सकाळी न चुकता. आणि दर संकष्टीला चंद्र उगवेपर्यंतचा कडक उपास, तो काय डॉक्टरांनी सांगितलेला नव्हता, तेव्हा तो सोडायचा प्रश्नच नव्हता. पूर्वी निदान गोड चहावर तो उपास निभायचा. आता तोही बिनसाखरेचा. आणि गोळी? "गोळी म्हंजे काय अन्न हाय? ती उपासाला चालते." साखर उतरवणारी गोळी घ्यायची आणि पोटात दिवसभर काही घालायचं नाही, असा हा नेम चालला होता. उपासाच्या दिवशी संध्याकाळी डोळ्यांपुढे अंधारी यायची. ती ते खांबाला धरून उभं राहून काढायचे आणि कुणाला सांगायचे नाहीत.

मार्गशीर्षातल्या संकष्टीला कोल्हापूरचा एक गट आला होता. त्यांची म्होरकी निशिगंधा, एका पतपेढीत अधिकारी, ही दुसऱ्यांदा आली होती. खास गाऱ्हाणं ऐकवायला सगळ्या मैत्रिणींना, त्यांच्या नवऱ्यांना घेऊन. सूर्य खाली उतरत होता, वारा गार सुटला होता आणि तात्या कपाळाचा घाम पुसत होते. नारळ ठेवताना त्यांचा हात थरथरत होता. कनीजभाभीवर ते काही कारण नसताना खेकसले. निशिगंधाला त्यांनी दोनदा वेगळ्याच नावाने हाक मारली.

घाम, थरथर, चिडचिड, बोलण्यात गोंधळ. रक्तातली साखर उतरल्याची ही लक्षणं मी कारखान्यात शेकडो लोकांकडून तोंडपाठ करून घेतलेली. भिंतीवर चित्रांसकट लावलेली. ती सगळीच्या सगळी माझ्यासमोर हाफ पँट घालून उभी होती आणि मी मनात म्हणत होतो, तात्या आज रंगात दिसतात.

गाऱ्हाणं सुरू झालं. समुद्र झाला, बूट झाले, काडेपेटी झाली, मोबाइल झाला. मग तात्या म्हणाले, "कुनाचा काय दुकत खुपत असंल, गोळ्या-औषदां चालू असतील, तर लपवून…"

आणि थांबले.

सगळे तोंड उघडून तयार. 'व्हय' अगदी ओठांवर. तात्या दगडाकडे बघत उभे. वाऱ्याचा आवाज तेवढा येत होता. "काय टायमिंग आहे!" निशिगंधा कुजबुजली. मलाही तेच वाटलं. मी मागून अंगठा वर करून तात्यांना दाखवला, म्हणजे छान, चालू द्या.

"लपवून…" तात्या पुन्हा म्हणाले, आणि पुन्हा थांबले. मग दगडावर हात टेकून हळूहळू खाली बसले.

मी शिट्टी फुंकली. आखूड, एकामागून एक. काय करायचं ते न कळून मी आयुष्यभर जे केलं तेच केलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी तालीम तंतोतंत यशस्वी झाली. सगळे कोल्हापूरकर हातातलं टाकून धावत सुटले ते थेट जांभळीखाली जाऊन उभे राहिले. मदतीला एकही माणूस राहिला नाही. तात्या, मी, चुलीकडून धावत आलेली कनीजभाभी आणि राखणदार.

"भाऊ, उपास हाय त्यांचा!" कनीजभाभी म्हणाली. "नि गोळी घेतल्यानी सकाळी!"

"कसली गोळी?"

तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही. "साकरेची," ती म्हणाली. "तुमाला ठावूक नाय?"

मग मात्र सगळं एकदम डोक्यात उजेड पडल्यासारखं कळलं. काय झालंय ते कळलं, काय करायचं तेही कळलं. शुद्धीवर आहेत तोवर तोंडात गोड घालायचं, इतकं सोपं. मी निशिगंधाला ओरडून सांगितलं की अॅम्ब्युलन्सला फोन लाव. कनीजभाभीने साखरेचा डबा आणि पाणी आणलं. मी पेला तात्यांच्या ओठांना लावला. तात्यांनी दात घट्ट मिटले.

"तात्या, प्या. साखर उतरलीय तुमची."

"उपास हाय."

"मरायची वेळ आली, उपास कसला!"

"गाऱ्हानं आर्दा हाय," ते म्हणाले. आवाज जड झाला होता. "त्याच्याम्होरं निवद ठेवलाय. तो तसाच ठेवून मी तोंडात घालू?"

हट्टीपणा हेही साखर उतरल्याचं लक्षण असतं. पण तात्यांच्या बाबतीत लक्षण कुठे संपतं आणि तात्या कुठे सुरू होतात हे कुणाला सांगता आलं नसतं. मिटल्या तोंडाच्या माणसाच्या घशात जबरदस्तीने पाणी ओतायचं नाही, ते छातीत जातं, हेही मी लोकांना शिकवलेलं. मला सगळंच येत होतं. फक्त तोंड उघडत नव्हतं.

"गाऱ्हानं पुरा झाला का परसाद," तात्या पुटपुटले. "परसादाला उपास आडवा नाय."

"मग मी पुरं करतो."

अंगातून घामाच्या धारा लागलेल्या, डोळे मिटत आलेले, आणि त्या अवस्थेतही त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तू?"

साथ द्यायला माणसं हवीत. मी जांभळीकडे बघून ओरडलो, "इकडे या सगळे!" कुणी हललं नाही. नियम म्हणजे नियम, लांब शिट्टी वाजेपर्यंत हलायचं नाही. मी शिट्टी तोंडात घातली. तोंड इतकं कोरडं पडलं होतं की नुसतीच फुस्स. दुसऱ्यांदाही तेच. शेवटी कनीजभाभीने माझ्या गळ्यातली शिट्टी ओढून घेतली, दोरीबरोबर मीही वाकलो, आणि तिने ती अशी वाजवली की खाली वारेपर्यंत गेली असेल.

माणसं आली, गोल झाला. मी दगडापुढे उभा राहिलो. भोंगा नाही, शिट्टी नाही, थैली कुठेतरी पडलेली.

"हे राखणदार महाराजा," मी म्हणालो, "आज सायंकाळी सदर ठिकाणी आमचे ज्येष्ठ सहकारी श्री. काशीराम यांना…"

"व्हय म्हाराजा!" बिचाऱ्यांनी साथ दिली.

"मेल्या," खालून तात्यांचा आवाज आला, "द्येवाला सदर काय बोलतंस?"

त्या एका शिवीने माझी कचेरी गळून पडली. मी दगडावर हात ठेवला. मला रडू यायला लागलं आणि मी तसाच बोलत सुटलो.

"म्हाराजा, ह्या माणसाला मी रोज तुझ्यापुढे उभा केला. सगळ्यांच्या जिवासाठी मागायला लावलं."

"व्हय म्हाराजा!"

"आल्यागेल्याला विचारलं, तुम्हाला काय होतं, कुठल्या गोळ्या चालू आहेत. ह्यांना एकदाही विचारलं नाही!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यांचा वेगळा चहा रोज बघितला आणि डोळे असून आंधळा झालो!"

"व्हय म्हाराजा!"

"चूक माझी आहे!"

"व्हय म्हाराजा!" इतक्या एकमुखाने माझ्याशी आजवर कुणी सहमत झालं नव्हतं. मागून कनीजभाभीचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"ह्या माणसाला ठेव रे म्हाराजा. ह्यांच्याशिवाय हा सडा नुसता दगड आहे. ह्यांना तोंड उघडायची बुद्धी दे!"

"व्हय म्हाराजा!"

मी नारळ आपटला, निवदाचा गूळखोबऱ्याचा गोळा उचलला आणि तात्यांच्या ओठांशी नेला. मग तोंड उघडलं. ते चावू लागले, हळूहळू, मान खाली घालून. त्यावर कनीजभाभीने साखरपाणी घोट घोट पाजलं. आम्ही सगळे त्यांच्या चावणाऱ्या तोंडाकडे बघत बसलो होतो, आणि मी ते दृश्य बघताना किती सुखी होतो ते मला सांगता येणार नाही.

थोड्या वेळाने घाम थांबला. नजर ठिकाणावर आली. तात्यांनी आजूबाजूला पाहिलं, मग माझ्याकडे.

"शेवट चुकलास," ते म्हणाले. "चारी दिशांस्नी हात जोडायचे ऱ्हायले."

अॅम्ब्युलन्स आली. रत्नागिरीला दवाखान्यात डॉक्टरांनी गोळी बदलली आणि पुन्हा रिकाम्या पोटी घेतलीत तर बघा म्हणून दम भरला. अर्धा दम मला होता. तुम्ही यांचे कोण, म्हणून विचारलं. सुरक्षेचं बघतो, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. शेजारी आहे म्हणालो.

तात्या मला हात जोडून म्हणाले, राजश्रीला सांगू नको. मला त्यांचे जोडलेले हात बघवले नाहीत, पण मी फोन केला. न सांगण्यानेच हे सगळं झालं होतं. तात्या माझ्याशी बोलायचे बंद झाले.

राजश्री आली ती गाडी घेऊनच. तात्यांची पिशवी भरली, धोतर, चष्मा, बायकोचा फोटो. तात्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. भांडत नव्हते. ते भांडत नाहीत याचीच मला भीती वाटली. निघायच्या आदल्या संध्याकाळी सड्यावर दुसरा गट उतरणार होता. तात्या मुलीला एवढंच म्हणाले, "शेवटचा गाऱ्हानं घालतंय. मग चल."

सड्यावर राजश्रीने मला बाजूला घेतलं. डोळे लाल होते.

"संदेशदादा, तो माझ्याशी खोटं बोलतो. डॉक्टरशी बोलतो, तुमच्याशी बोलतो. पण ह्याच्याशी खोटं नाही बोलत," तिने दगडाकडे बोट दाखवलं. "त्या दिवशी त्या ओळीलाच का थांबला, मी विचारलं त्याला. चक्कर तर येतच होती. पण म्हणाला, राखनदारापुढं हात ठेवून ती ओळ बोलवेना. आज गाऱ्हाणं तुम्ही घाला. मी सांगते ते घाला. तो व्हय म्हणतो का, मला बघायचंय."

मी तात्यांना विचारलं. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला. मी तो डोक्याला गुंडाळला. आरशात बघितलं असतं तर मीच हसलो असतो.

समुद्र, बूट, काडेपेटी, मोबाइल, सगळं केलं. नवीन पाहुणे जोरात साथ देत होते. मग मी म्हणालो, "ह्या काशीरामाने गोळी घेतली की जेवावं रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बाबा," राजश्री म्हणाली, "तुझा आवाज नाय आला."

तात्यांनी तिच्याकडे चमकून पाहिलं. पोरगी कुणाची होती ते सगळ्यांना दिसत होतं.

"व्हय म्हाराजा," तात्या म्हणाले.

"संकष्टीचा उपास सोडून द्यावा!"

या वेळी ते बराच वेळ थांबले. ही थांबण्याची जागा टायमिंगची नाही, एवढं आता मला कळत होतं. "ज्याची संकष्टी तो समजून घील," ते स्वतःशीच पुटपुटले, आणि मग म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"आणि चक्कर आली, तर त्याच दिवशी लेकीला सांगावं!"

"व्हय म्हाराजा," तात्या म्हणाले. राजश्रीने मान हलवली. तिचं झालं होतं. मी चारी दिशांकडे वळणार, तोच तात्यांनी खांद्याने मला बाजूला सारलं आणि दगडावर हात ठेवला.

"बा राखनदारा म्हाराजा!" तोच आवाज, सगळा सडा भरून टाकणारा. "ही माजी लेक राजश्री. तिनं बापाला नेयाला गाडी आनल्यान. माज्या काळजीनंच आनल्यान, तिला सुकी ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो काशीराम तुला आज शब्द देतो, तो मोडनार नाय. तर तिनं तिच्या बापाला हितंच ऱ्हाऊ द्यावा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पाहुणे ओरडले. कनीजभाभी ओरडली. मी तर सगळ्यात मोठ्याने.

राजश्रीचं तोंड बंद होतं.

तात्या पुढे गेले नाहीत. सगळे म्हणेपर्यंत ते कधीच पुढे जात नसत. दगडावर हात ठेवून, मुलीकडे न बघता ते वाट बघत उभे राहिले. तिने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. मग ते खाली घेतलं.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली. इतक्या हळू की शेजारी उभ्या असलेल्या मलाच जेमतेम ऐकू आलं.

तात्यांनी तिला पुन्हा म्हणायला लावलं नाही.